वयात येणाऱ्या मुली आणि कमी पडणारं रक्त

गावातल्या मुलीचं हिमोग्लोबिन पहिल्यांदा कधी तपासलं जातं, असं एखाद्या आशाताईला विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘दिवस गेले की.’ उपकेंद्रात नाव नोंदवायला आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या सुनेच्या बोटाला सिस्टर सुई टोचतात, यंत्रावरचा आकडा वाचतात आणि म्हणतात, ‘रक्त कमी आहे गं तुला.’ तो आकडा काही त्या दिवशी खाली आलेला नसतो. बाराव्या-तेराव्या वर्षापासून तो खालीच असतो, पण कुणी पाहिलेला नसतो. अंगणवाडीची वही सहाव्या वर्षी मिटते आणि माता-बाल संरक्षण कार्ड गरोदरपणात उघडतं. मधल्या काळात शाळेत वर्षातून एकदा तपासणी पथक येतं, जीभ बाहेर काढायला लावतं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघतं आणि पुढच्या मुलीला बोलावतं.

रक्तक्षयावर आपल्याकडे योजना कमी झाल्या नाहीत. राष्ट्रीय पातळीवरचा पहिला कार्यक्रम १९७० चा, म्हणजे अर्धशतकाहून जुना. पण या सगळ्या खटाटोपाचं मूळ प्रयोजन सुरक्षित बाळंतपण हेच राहिलं. मुलीचं रक्त वाढवायचं ते उद्या ती आई होणार म्हणून. नववीतल्या मुलीला वर्गात डुलक्या येतात, कबड्डीच्या मैदानावर दम लागतो, बसल्या जागेवरून उठताना डोळ्यापुढे अंधारी येते. हा तिचा आजचा त्रास आहे आणि त्याचा इलाज आजच व्हायला हवा, हे धोरणाला अजून पुरतं पटलेलं दिसत नाही.

आधी आकडे बघू, कारण त्यांच्यावरूनच सध्या बराच वाद आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत हे प्रमाण ५४.१ टक्के होतं. महाराष्ट्रात ते ४९.७ वरून ५७.२ टक्क्यांवर गेलं. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये देशभरात ते ३१ टक्क्यांच्या आसपास होतं. याच मधल्या काळात, २०१८ मध्ये, केंद्र सरकारने ‘ॲनिमिया मुक्त भारत’ अभियान सुरू केलं होतं. अभियान चालू आणि आकडा वर, असा तो अवघड प्रसंग.

दुसरीकडे २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण ४० टक्के निघालं, मुलग्यांमध्ये १८ टक्के. एवढा फरक का? वयोगट थोडे वेगळे आहेत हे खरं, पण मोठं कारण रक्त काढण्याच्या पद्धतीत आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाच्या टोकाला टोचून थेंब घेतात, पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त काढलं होतं. थंडीच्या दिवसांत, कष्टाने राठ झालेल्या बोटातून थेंब सहज येत नाही. मग बोट दाबलं जातं, रक्ताबरोबर पेशींमधलं पाणी येतं आणि आकडा पातळ होतो. जुन्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तर साहलीची नळी होती. नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात रक्ताचा थेंब, मग पाणी घालत घालत तिचा तपकिरी रंग शेजारच्या काचेशी जुळवायचा. खिडकीतला उजेड कसा आहे आणि बघणाऱ्याचे डोळे किती थकलेत, यावर एखादा ग्रॅम इकडेतिकडे व्हायचा. आता डिजिटल यंत्रं आली आहेत, तरी बोट दाबणं काही थांबलेलं नाही.

त्यात भर म्हणजे सीमारेषा कुठे आखायची याचाही वाद. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार १२ ते १४ वर्षांच्या मुलीचं आणि त्यापुढच्या, गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. ११ च्या वर सौम्य, ८ ते ११ मध्यम, ८ च्या खाली तीव्र. भारतीय मुलांसाठी ही रेषा फार वर आहे, असं काही भारतीय संशोधकांनी २०२१ मध्ये पोषण सर्वेक्षणाच्याच आकड्यांवरून मांडलं. संघटनेने २०२४ मध्ये निकषांचा फेरविचार केला आणि मुलींसाठीची १२ ची रेषा कायम ठेवली. मात्र तपासणी शक्यतो शिरेतल्या रक्तावर करावी, असंही सांगितलं. दरम्यान कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची मोजणीच वगळली गेली आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे शिरेतलं रक्त घेऊन आहार आणि रक्तघटक एकत्र तपासण्याचं वेगळं सर्वेक्षण सोपवलं गेलं.

या वादात तथ्य आहे. पण त्याचा आडोसा घेऊन ‘बघा, आकडे फुगवलेले होते’ असं म्हणत हात झटकणारेही आहेत. सर्वांत कमी आकडा धरला तरी पाचातल्या दोन मुलींना रक्त कमी आहे, आणि मुलगा-मुलगी यांतली दरी कोणत्याही पद्धतीने मोजलं तरी तशीच राहते.

ती दरी याच वयात का पडते, हे शरीराच्या हिशेबात बघावं. दहा ते पंधरा या वयात मुलीची उंची झपाट्याने वाढते, स्नायू वाढतात, रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं. या सगळ्याला लोह लागतं. त्यातच पाळी सुरू होते. साधारण पाळीत ३०-४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे १५ ते २० मिलिग्रॅम लोह. मुलग्यांना वाढीसाठी लोह लागतं, पण दरमहाची ही गळती त्यांच्या वाट्याला नसते. सुरुवातीच्या वर्षांत पाळी अनियमित आणि पुष्कळदा जास्त अंगावर जाणारी असते. दहा-दहा दिवस जाणारं रक्त हे ‘नवीन आहे, बसेल हळूहळू’ म्हणून सोडून दिलं जातं. मुलगी आईला सांगते, आई आजीला, आणि गोष्ट तिथेच संपते. हाच दुर्लक्षाचा धागा पुढे कुठे जातो ते बीडने दाखवलं. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये शासकीय समितीने चौकशी केली, तेव्हा पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी साडेतेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह मिळायला हवं. हा आकडा मोठा वाटतो, पण आपल्या शाकाहारी-प्रधान जेवणातलं लोह शंभरातले जेमतेम आठ भागच अंगी लागतं, हे गृहीत धरून तो काढला आहे.

आता एक ताट बघू. सकाळी साडेसहाची एसटी गाठायची म्हणून मुलगी चहा आणि रात्रीची चपाती खाऊन निघते, कधी चहा आणि खारी, कधी नुसता चहा. शाळेजवळच्या टपरीवर पाच रुपयांचं कुरकुऱ्याचं पाकीट. दुपारचा डबा असला तर चपाती आणि बटाट्याची भाजी. घरी आल्यावर पुन्हा चहा. रात्री भात, पातळ वरण किंवा आमटी, चपाती. चार चपात्यांचे पाचेक मिलिग्रॅम, वाटीभर डाळीचा एक, भाताचा एक, भाजीचा अर्धा, कुठे शेंगदाण्याची चटणी असेल तर आणखी थोडे. कितीही उदार हाताने बेरीज केली तरी दहा-बाराच्या पुढे जात नाही. त्यात धान्य-कडधान्यांतलं फायटेट लोहाला धरून ठेवतं आणि जेवणालगतचा चहा उरलेलं अडवतो. लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो यांतलं क जीवनसत्त्व याच्या उलट काम करतं. वरणावर अर्धं लिंबू पिळणं हा स्वस्तातला उपाय आहे, पण उन्हाळ्यात लिंबाचा भाव विचारून बघा.

इथे थोडं विषयांतर करून आपल्या घरगुती समजुतींकडे वळतो. ‘रक्त कमी आहे’ म्हटलं की घरात बीट येतं. बीट लाल असतं, रक्तही लाल असतं, एवढाच त्यामागचा युक्तिवाद. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. गूळ-शेंगदाणे बरे, पण कुणी पाव किलो गूळ खात नाही. हळिवाची गोष्ट आणखी मजेची आहे. जुन्या अन्नघटक तक्त्यांत शंभर ग्रॅम हळिवात १०० मिलिग्रॅम लोह छापलेलं होतं आणि ते आकडे अजूनही आहाराच्या पुस्तकांत फिरतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ते १७ च्या आसपास आहे. हळीव चांगलेच आहेत, पण दोन चमचे हळिवाच्या खिरीने महिन्याची गळती भरून निघेल या भ्रमात राहू नये. त्यापेक्षा मटकी, कुळीथ, तीळ, मेथी, माठ यांचं रोजच्या जेवणातलं प्रमाण वाढवणं आणि आमटी लोखंडी कढईत करणं जास्त उपयोगाचं. मांस, मासे, कलेजी यांतलं लोह तर सर्वांत सहज अंगी लागतं, पण ते आठवड्यातून किती वेळा शिजतं आणि शिजल्यावर कुणाच्या ताटात पडतं हा प्रश्न उरतो. बाप, भाऊ, पाहुणे जेवून उठल्यावर आई आणि मुली बसतात, तेव्हा रश्श्यात बहुधा बटाटाच उरलेला असतो.

उपवासांचंही तसंच. सोमवार, गुरुवार, एकादशी, हरतालिका, नवरात्र. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात लोह नावालाही नाही. शेंगदाण्याचं कूट काय ते थोडंफार सावरतं.

लोहाच्या कमतरतेची एक खूण मात्र घरोघरी दिसते आणि तिला आजाराची खूण म्हणून कुणी ओळखत नाही. मुली पाटीवरची पेन्सिल खातात. खडू, भाजलेली माती, भिंतीचा पोपडा, मूठभर कच्चे तांदूळ. दप्तरात पेन्सिलीचा पुडा सापडला की आई पाठीत धपाटा घालते आणि जंतांचं औषध देते. जंत असूही शकतात, अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतातच. पण ही खाखा लोह कमी असण्याशी जोडलेली आहे आणि पुष्कळदा लोहाच्या औषधाने आपोआप थांबते. शाळेच्या तपासणीत ‘पेन्सिल खातेस का?’ एवढा एक प्रश्न घातला तरी बऱ्याच मुली सापडतील.

रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे समीकरण मात्र पुरतं खरं नाही. पोषण सर्वेक्षणात रक्तक्षय असलेल्या किशोरवयीन मुलामुलींची कारणं तपासली, तेव्हा निव्वळ लोहाच्या कमतरतेचा वाटा पाचात एक एवढाच निघाला. फोलेट किंवा ब-१२ कमी असल्यामुळे झालेला रक्तक्षय साधारण चारात एक होता. काहींत दोन्ही कमी होती. आणि जवळपास एक तृतीयांश मुलांमध्ये यांपैकी कोणतंच कारण सापडलं नाही.

ब-१२ चा धागा महाराष्ट्राला जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेत आहेत. त्या आयांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत ब-१२ कमी निघालं. हे जीवनसत्त्व फक्त प्राणिज पदार्थांत असतं, आणि दूध घरात असलं तरी ते आधी डेअरीला जातं. ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. पुढे याच गटाने २०१२ मध्ये त्या गावांतल्या वयात आलेल्या मुलामुलींना रोज थोडं ब-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो ते बघणारी चाचणी सुरू केली. सरकारी गोळीत लोह आहे, फॉलिक आम्ल आहे, ब-१२ मात्र नाही. ही त्रुटी तज्ज्ञांना ठाऊक आहे, पण गोळी अजून तशीच आहे.

विदर्भ आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलही बघावा लागतो. तिथे मुलीचं रक्त कमी दिसलं की लोहगोळ्या हातावर ठेवणं पुरेसं नाही. आधी सिकलसेलची चाचणी हवी, कारण ज्याला वारंवार रक्त द्यावं लागतं त्याच्या शरीरात लोह आधीच साठत जातं. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात शून्य ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं उद्दिष्ट आहे. ही तपासणी आणि रक्तक्षयाची तपासणी एकाच वेळी, एकाच टोचणीत व्हावी, एवढा साधा मेळ घालता आला तर मुलींची एक फेरी वाचेल.

आता गोळीकडे. शाळकरी मुलामुलींना आठवड्याला एक लोह-फॉलिक आम्लाची गोळी देण्याचा कार्यक्रम २०१३ च्या सुमारास देशभर सुरू झाला. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत प्रयोग झाले होते. नाशिक जिल्ह्यात शहरी, ग्रामीण आणि आदिवासी मुलींना आठवड्याला गोळी दिली, तेव्हा रक्तक्षयाचं प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांवरून ५४ च्या आसपास आलं, असं सेवाग्रामच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. वडोदऱ्यात २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलींना तीन महिने रोज गोळी दिली होती. त्यांचं हिमोग्लोबिन तर वाढलंच, वजनही वाढलं, कारण मुलींना भूक लागायला लागली. गोळी पोटात गेली तर काम करते, याबद्दल शंका नको. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ अभियानात आता किशोरवयीनांच्या गोळीचा रंग निळा आहे, लहान मुलांची गुलाबी, गरोदर मातांची लाल. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. जोडीला वर्षातून दोनदा जंतनाशक.

अडतं ते गोळी पोटात जाण्यात. बहुतेक ठिकाणी गोळीचा वार सोमवार ठरलेला आहे आणि सोमवार हा आपल्याकडे उपवासाचा वार. रिकाम्या पोटी लोहाची गोळी घेतली की मळमळतं, पोटात कळ येते. श्रावणात तर कित्येक शाळा सोमवारी अर्ध्याच भरतात. दिल्लीत बसून वार ठरवताना हे कुणाच्या ध्यानात आलं नसेल, पण एखाद्या जिल्ह्याने वार बदलून बुधवार केला तर आभाळ कोसळणार नाही. गोळीने शौचाला काळं होतं, हे आधी सांगितलेलं नसतं, मग मुली घाबरतात. गोळी गरम पडते, पाळी जास्त जाते, या गोळ्या कुटुंब नियोजनाच्या आहेत, अशा शंका असतात आणि त्या विचारायला जागा नसते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत गोवंडीच्या एका शाळेत गोळ्यावाटपानंतर एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला आणि घाबरलेल्या शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. मुलीचा मृत्यू क्षयरोगाने झाल्याचं पालिकेने सांगितलं, पण तोवर बातमी सगळीकडे पोचली होती. अशा एका बातमीनंतर शिक्षकही हात आखडता घेतात. गोळ्यांचा डबा कपाटात राहतो आणि रजिस्टरमध्ये मात्र बरोबरच्या खुणा होत राहतात. याला फक्त शिक्षकाला दोष देऊन चालणार नाही, कारण मुलीला उलटी झाली तर गावाला तोंड त्यालाच द्यावं लागतं.

यापेक्षाही मूलभूत गोंधळ वेगळा आहे. आठवड्याची गोळी हा प्रतिबंध आहे, उपचार नाही. जिचं हिमोग्लोबिन साडेआठ आहे तिला आठवड्याला एक गोळी म्हणजे भर उन्हाळ्यात कोरड्या विहिरीत कळशीभर पाणी ओतणं. अभियानाच्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. सौम्य आणि मध्यम रक्तक्षय असलेल्या किशोरवयीन मुलीला तीन महिने रोज दोन गोळ्या, जेवणानंतर, मधूनमधून फेरतपासणी. ८ च्या खाली असेल तर रुग्णालयात. पण यासाठी आधी हिमोग्लोबिन मोजायला हवं, आणि पापणी ओढून बघितल्याने साडेआठ आणि साडेदहा यांतला फरक कळत नाही. त्यामुळे ज्यांना उपचार हवेत त्यांनाही प्रतिबंधाचीच मात्रा मिळते आणि वर्षभराने ‘गोळ्या देऊनही फरक नाही’ असा निष्कर्ष निघतो. माझ्या मते या कार्यक्रमाच्या अपयशाचं सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी चर्चिलेलं कारण हेच आहे.

गोळीच्या बाहेरचे रस्तेही चाचपले गेले आहेत, त्यांतला एक थेट आपल्या भाकरीतून जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर बाजरीचं ‘धनशक्ती’ हे जास्त लोहाचं वाण आणलं. महाराष्ट्रात ते २०१२ मध्ये प्रसारित झालं. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निवासी शाळांत १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने दोन्ही वेळच्या जेवणात बाजरीची भाकरी देण्यात आली. काहींना लोहयुक्त बाजरीची, काहींना नेहमीच्या. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांच्या शरीरातला लोहाचा साठा लक्षणीय सुधारला आणि ज्यांच्यात लोह कमी होतं ती मुलं कमतरतेतून बाहेर पडण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या १.६४ पट होती. नंतरच्या एका विश्लेषणात लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांतही फायदा दिसला. वेगळा पदार्थ नाही, सवय मोडायची नाही, फक्त बियाणं बदललेलं. एवढं करूनही हे वाण फार पसरलं नाही. बाजारात जास्त उताऱ्याच्या संकरित बाजरीचा जोर आहे, आणि दाण्यात लोह किती यावर आडतीत कुणी भाव देत नाही.

दरम्यान ताटातून बाजरीच हटत गेली. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतो, आणि तोही २०२३ पासून फुकट. बाजरीत शंभर ग्रॅममागे सुमारे साडेसहा मिलिग्रॅम लोह, सडलेल्या तांदळात अर्धा-पाऊण. भाताने पोट लवकर भरतं, चुलीपुढे बसून भाकऱ्या थापण्यापेक्षा कुकर लावणं सोपं, हे त्या बाईच्या बाजूनेही बघायला हवं. यावर सरकारचा तोडगा म्हणजे पोषणयुक्त तांदूळ. शंभर दाण्यांत एक, लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घातलेला कृत्रिम दाणा. १५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी घोषणा केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२८ पर्यंत योजना चालू ठेवायला मंजुरी दिली. गावात हा दाणा पाण्यावर तरंगताना दिसला की बायका ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून फेकून देतात. इतक्या वर्षांत रेशन दुकानावर एक नीट समजावणारा फलकही लागू नये, याचं आश्चर्य वाटतं.

आणि अंडं. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला आणि हवं तर लोकसहभागातून द्या असं सांगितलं. तमिळनाडूत आठवड्याला पाच अंडी मिळतात. आपल्याकडे एकाचीही जबाबदारी शेवटी गावावर आली. शिवाय शाळेचा पोषण आहारच आठवीला संपतो. म्हणजे नेमकं ज्या वर्षी मुलीची गरज सर्वांत जास्त, त्या वर्षी दुपारचं एक ताट बंद. अंगणवाडीमार्फत किशोरवयीन मुलींना शिधा देणारी ‘सबला’ योजना २०१० मध्ये आली तेव्हा ती दोनशे जिल्ह्यांत होती. आता तिची जागा घेतलेली योजना महाराष्ट्रात फक्त गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या चार आकांक्षित जिल्ह्यांपुरती उरली आहे. आदिवासी भागातली अमृत आहार योजना गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस जेवण देते, लहान मुलांना अंडी देते. वयात आलेली मुलगी तिथेही बसत नाही. आई झाली की बसेल.

ती आई लवकर होते, हाच मोठा धोका. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणीत ४८ टक्के, बीडमध्ये ४३.७. वाढ पुरी न झालेली, रक्त नऊवर असलेली मुलगी पोटातल्या बाळाशी अन्न वाटून घेते आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं. जालना-संभाजीनगर पट्ट्यात पाचोडच्या ग्रामीण आरोग्य संस्थेने नव्वदच्या दशकाअखेर मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला, तेव्हा त्या गावांत लग्नाचं मध्यम वय १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण लोहाचा साठा भरून यायला काही महिने पुरतात, त्या हिशेबाने एक वर्ष पुष्कळ आहे.

मराठवाड्यातल्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीनंतर कारखान्याकडे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. बरोबर गेलेली मुलगी शाळेच्या गोळीला मुकते, पोषण आहाराला मुकते आणि मोळ्या उचलायला मात्र लागते. मागे ठेवली तर आजीच्या जिवावर, आणि ती काळजी नको म्हणून लग्न. हंगामी वसतिगृहांमुळे पुष्कळ मुलं गावात राहू शकतात, पण ती व्यवस्था मुख्यतः आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, तीत मुलींची वेगळी वसतिगृहं आहेत. तिथे नववी ते बारावीच्या मुलींना आधी प्रवेश द्यावा, टोळ्या निघण्याआधी ऑक्टोबरात एकदा आणि परतल्यावर एप्रिलमध्ये एकदा हिमोग्लोबिन मोजावं, आणि आकडा रजिस्टरबरोबर मुलीच्या वहीतही लिहून द्यावा. बारा म्हणजे बरं, अकरा म्हणजे सांभाळ, आठच्या खाली म्हणजे दवाखाना, एवढं तिला समजावून सांगायला शिक्षिकेला दहा मिनिटंही लागणार नाहीत.